गाडीची स्टेशनं

आमच्या घरात एकाच वस्तूचे दोन तुकडे होते. मोठा पेणला आणि लहान रोह्याला. मोठा तुकडा म्हणजे आजोबांनी अलिबागच्या एका डॉक्टरांकडून घेतलेली जुनी विलायती गाडी, आणि लहान तुकडा म्हणजे त्याच गाडीतला रेडिओ. आत्याच्या लग्नात आजोबांच्या मनात काय आलं देव जाणे, त्यांनी गाडीतून रेडिओ उपटला आणि लेकीबरोबर रोह्याला पाठवून दिला. "सासरी करमायचं नाही तिला," एवढंच म्हणाले म्हणे. बाबा तेव्हा शाळेत होते. वरात निघाली तेव्हा सगळे आत्यासाठी रडत होते आणि बाबा रेडिओसाठी. ही गोष्ट आत्याची अख्ख्या गोतावळ्याला सांगून झाली आहे आणि बाबांनी ती कधी नाकारलेली नाही.

पुढे आजोबा गेले, गाडी बाबांकडे आली. तिच्या समोरच्या फळीत, जिथे रेडिओ असायचा तिथे, एक चौकोनी भोक होतं. त्या भोकात बाबा पोह्यांची पुडी ठेवायचे. आमची पोह्यांची गिरणी होती, त्यामुळे पुडीला तोटा नव्हता. पण पुडी काढताना दर वेळी ते त्या भोकाकडे असं बघायचे की पोहे घशाखाली उतरू नयेत.

दर भाऊबीजेला आम्ही रोह्याला जायचो, एसटीने. आत्या ओवाळायची, बाबा ताटात ओवाळणी घालायचे आणि मग ठरलेलं भांडण व्हायचं.

"ताई, रेडिओ दे."

"गाडी दे."

"गाडी कशी देणार?"

"मंग रेडिओ कसा देनार?"

एवढं झालं की जेवायला बसायचं. रेडिओ कोपऱ्यात स्टुलावर होता. पंधराएक वर्षांपूर्वी त्याने मान टाकली होती आणि तेव्हापासून आत्याने त्याच्यावर पापडांचा डबा ठेवला होता. बाबांना रेडिओ न मिळण्यापेक्षा त्या डब्याचं जास्त लागायचं.

नव्वदचं दशक निम्मं सरलं असेल तेव्हाची गोष्ट. आत्याच्या मुलाने ठाण्याला फ्लॅट घेतला आणि आईला तिकडे न्यायचं ठरवलं. रोह्याचं घर दिवाळीनंतर बंद होणार होतं. गणपतीच्या आधी आत्या पेणला मुक्कामाला आली ती बगलेत साडीत गुंडाळलेला रेडिओ घेऊन. ओटीवर ठेवला, पाणीही न पिता म्हणाली, "आयक रे. ह्यो ठेवते तुझ्याकडं. पन भाऊबीजेला गाडी माझ्या दारात आली पायजे आन रेडिओ तिच्यात वाजत आला पायजे. आन होता तसाच पायजे, माझ्या बापाची वस्तू हाय. नाय जमलं तर माझ्यासंगं ठाण्याला येईल. शोकेसमंदी बसंल."

"शोकेसमध्ये?" बाबा म्हणाले. त्यांच्या बहिणीला कोणी तुरुंगात टाकतंय असं ऐकलं असतं तरी आवाज एवढा फाटला नसता.

रोह्याचं घर बंद झाल्यावर भाऊबीज कुठे करायची, हे मात्र दोघांपैकी कोणी बोललं नाही. मी विचारणार होते, तर आईने मला ताकाला पाठवलं.

मी तेव्हा पेणच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. त्यामुळे घरात पंखा बंद पडला, मिक्सर जळला, की सगळे माझ्याकडे आरोपीकडे बघावं तसे बघायचे. बाबांनी रेडिओ माझ्यासमोर ठेवला. "बघ."

"बाबा, मी ध्वनीचा धडा शिकवते. रेडिओ दुरुस्त करत नाही."

"मग शिकवतेस काय?"

मी मागचं झाकण उघडलं. आत उंदरांनी घर केलं होतं आणि त्या घराच्या भिंती आत्याच्या पोह्याच्या पापडांच्या होत्या. भोंग्याच्या कागदाला हाताएवढं भोक होतं. मी झाकण परत लावलं आणि बाबांना म्हटलं की याला डॉक्टर पाहिजे.

डॉक्टर म्हणजे स्टेशनच्या रस्त्यावरचे रेडिओवाले काका. हा माणूस दुरुस्तीला आलेल्या वस्तूशी बोलायचा, गिऱ्हाइकाशी नाही. त्यांनी रेडिओ पालथा केला, उंदरांचा संसार बाहेर काढला आणि रेडिओला म्हणाले, "किती वर्सं गप बसलास रे." आत काचेचे दिवे होते, तेवढे धड निघाले. एक पत्र्याची डबी होती. ती भुणभुणली तरच रेडिओ चालतो म्हणे, आणि ती भुणभुणत नव्हती. काकांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तिला एक टोला दिला. भुणभुणली. भोंग्याच्या भोकाला त्यांनी पतंगाचा कागद लावला, तांदळाच्या पिठाची खळ करून. मी विचारलं, हे टिकेल का? तर ते भोंग्याला म्हणाले, "टिकशील ना रे?"

गाडीत जोडण्याच्या दिवशी मी माझी अक्कल पाजळली. बॅटरीची वजा तार गाडीच्या अंगाला जोडतात, हे मी वहीत आकृती काढून सगळ्यांना समजावलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि अधिक तार अंगाला जोडली. त्या काळच्या विलायती गाड्या उलट्याच असायच्या. माझ्या म्हणण्याप्रमाणे केलं असतं तर आत्याला रेडिओची राख परत द्यावी लागली असती. बाबांनी ती आकृती जपून ठेवली आणि पुढे अनेक वर्षं पाहुण्यांना दाखवली.

एरियल नव्हती. तिथे बाबांनी पावसात मोडलेल्या छत्रीची दांडी बसवली, मुठीसकट.

तर रेडिओ वाजला. अंगणात, गाडीत, भर दुपारी. आधी भुणभुण, मग खरखर आणि मग मुंबईची एक बाई स्वच्छ आवाजात बातम्या सांगायला लागली. बाबांनी बटणाला हात लावला नाही. काटा कुठे आहे तिथे राहू दे म्हणाले. मला वाटलं घाबरले. नंतर आईने सांगितलं की लहानपणी गाडीत दोघं पुढे बसायची, तेव्हा हॉर्न बाबांचा आणि बटण आत्याचं अशी वाटणी होती. पन्नाशी उलटलेला माणूस अजून ती वाटणी पाळत होता.

मग त्यांनी चावी फिरवली. इंजिन सुरू झालं आणि बातम्या सांगणाऱ्या बाईचं कढईत पडलेल्या मोहरीत रूपांतर झालं. नुसती तडतड. इंजिन बंद केलं, बाई परत. सुरू केलं, मोहरी. काका रेडिओला म्हणाले, "तुला एक कंडेन्सर पायजे. मुंबैवरून आणावा लागंल. दिवाळीनंतर बगू."

"दिवाळीनंतर काय उपयोग?" बाबा ओरडले. "वाजत दारात गेला पाहिजे!"

काकांनी पहिल्यांदाच माणसाशी बोलण्याचे कष्ट घेतले. "मग इंजन बंद करून जावा," ते म्हणाले.

इथपर्यंत एक संकट होतं. दुसरं आईने आणलं.

दिवाळीची झाडलोट चालली होती. देवाची भांडी घासता घासता आईला वाटलं की रेडिओची पट्टीही उजळून टाकावी. रेडिओच्या तोंडावर काचेची लांब पट्टी होती, तिच्यावर सोनेरी अक्षरांत दिल्ली, कलकत्ता, कोलंबो, मुंबई अशी नावं, आणि मागून काटा सरकायचा. आईने पट्टी काढली आणि चिंचेने घासली. भांडी उजळली. पट्टीही उजळली. इतकी उजळली की दिल्ली, कलकत्ता, कोलंबो सगळं मोरीतून वाहून गेलं.

"वन्संना कळणार पण नाही," आई म्हणाली. "काच कशी लख्ख दिसतेय."

"होता तसाच पाहिजे म्हणालीय ती!" बाबा मटकन ओटीवर बसले. "चिंच? रेडिओला चिंच?" हे त्यांनी त्या दिवशी इतक्या वेळा म्हटलं की शेजारच्या बाईंनी वाटीभर चिंच पाठवून दिली, आमच्याकडची संपली असेल म्हणून.

पण पेणमध्ये बारीक ब्रश चालवणाऱ्या हातांची कधी कमतरता नव्हती. गणपतीचे डोळे रंगवायला आमच्याकडे आखणी म्हणतात आणि आखणी करणारा माणूस कारखान्यात सगळ्यात वर बसतो. गणपती गेले की तो रिकामा असतो. बाबांनी आळीतल्या अशाच एका आखणीवाल्यांना गाठलं. हमरापूरकडचे होते, कामाला रोज रेल्वेने यायचे. मी बरोबर होते, त्यामुळे झालेलं बोलणं मी शपथेवर सांगू शकते.

"गाडीतली पट्टी आहे," बाबा म्हणाले. "हिच्यावरची स्टेशनं पुसली गेलीत. ती परत लिहायची."

आखणीवाल्यांनी काच उजेडात धरली. "सगली?"

"मावतील तेवढी. सोनेरी रंगात."

"मराठीत लिवू का इंग्रजीत?"

"मराठीत चालेल."

"डावीकडून सुरू करू?"

"डावीकडूनच. आणि भाऊबीजेच्या आत द्या. बहिणीला दाखवायचीय."

"बहीण कुठं असते?"

"रोह्याला."

"मंग बरोबर," ते म्हणाले. काय बरोबर, हे विचारायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. मी तर शिक्षिका. दिवसभर पोरांना म्हणायचे, प्रश्न नीट वाचा.

पाडव्याच्या संध्याकाळी ते मलमलच्या फडक्यात गुंडाळून पट्टी घेऊन आले. बाबांनी फडकं उलगडलं. काम इतकं देखणं होतं की आधी कोणी वाचलंच नाही. एकेक अक्षर मोत्यासारखं, शेवटच्या कान्याला हलकी फिरकी, दोन्ही टोकांना नाजूक वेलबुट्टी. मग आईने मोठ्याने वाचलं.

"दिवा. पनवेल. आपटा. जिते. हमरापूर. पेण. कासू. नागोठणे. निडी. रोहा."

पनवेलखाली ठसठशीत टिंब होतं. जंक्शन म्हणून.

बाबांनी पट्टी उजेडात धरून पुन्हा वाचली. शेवटी म्हणाले, "हे काय?"

"टेशनं." आखणीवाल्यांना वाटलं, काही राहिलं की काय. "मधली दोन-तीन मावली नाय. पन तुमीच म्हनलात मावतील तेवडी."

"अहो, रेडिओची स्टेशनं! रेडिओची!"

"गाडीची म्हनलात, शेट."

"गाडीतल्या रेडिओची!"

"गाडीचीच लिवली ना मंग? मी रोज जातो, मला तोंडपाठ हायेत. एक पन मागंपुढं नाय झालं. बहीण रोह्याला म्हनलात म्हनून रोहा जरा मोठ्या अक्षरात काढला."

खरंच, रोहा मोठ्या अक्षरात होतं. मला हसू आवरेना. मी फडक्यात तोंड खुपसलं. बाबा माझ्यावर, आईवर, चिंचेवर आणि रेल्वेवर मिळून एकदाच चिडले. पण आखणीवाले बिचारे हिरमुसले, तेव्हा मात्र बाबांचा आवाज उतरला. त्यांनी त्यांना फराळाला बसवलं. रंग पक्का होता, खरवडायला गेलं तर काच जायची, आणि सकाळी निघायचं होतं. पट्टी तशीच बसवली. बाबा रात्रभर कुशी बदलत होते. आईला म्हणाले, "दे म्हणेल. परत दे म्हणेल आणि ठाण्याला नेईल."

सकाळी आम्ही तिघं निघालो. आई आणि मी ठेवणीतल्या साड्या नेसून मागे, बाबा पुढे एकटे. बाजूची सीट रिकामी ठेवली होती. का, ते आम्ही विचारलं नाही. वडखळ नाक्यावर डोलवीच्या कंपनीकडे जाणाऱ्या ट्रेलरांच्या रांगेत आमची गाडी अडकली. ट्रेलरवाले वरून बघून हसत होते. एकाने विचारलं, छत्री उघडते का. नागोठण्याच्या पुढे भिसे खिंडीत गाडी तापली. तिला पाणी पाजून, थोपटून, दोनदा बसू देऊन आम्ही पलीकडे उतरलो. निडीचा फाटा आला तेव्हा बाबा पट्टीकडे बघून म्हणाले, "बरोबर आहे क्रम."

रोह्यात आत्याच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांनी गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. रेडिओ लावला. भुणभुण, खरखर आणि मग एक भारदस्त पुरुषी आवाज कोंबड्यांना होणाऱ्या रोगांची माहिती द्यायला लागला.

"उतरा," बाबा म्हणाले.

"का?" आई म्हणाली.

"ढकला."

गल्ली चढाची होती. आत्याचं दार शंभरेक पावलांवर. इंजिन लावलं तर मोहरी, नाही लावलं तर आम्ही. आईने एकदा स्वतःच्या पैठणीकडे बघितलं आणि एकदा बाबांकडे. मग पदर खोचला. मीही खोचला. ती गाडी म्हणजे साधीसुधी गाडी नव्हे, त्या काळी लोखंड स्वस्त असावं. आम्ही रेटतोय, गाडी वीतभर जातेय, आणि आतून तो गृहस्थ सांगतोय की कोंबडी मान पाडून बसली, तर तिला इतर कोंबड्यांपासून वेगळं ठेवावं. बाबा सुकाणू धरून ताठ बसले होते, मिरवणुकीतल्यासारखे. दोन्ही बाजूंना लोक दिवाळीचा फराळ सोडून दारात आले. एक आजी म्हणाल्या, "गो, पेट्रोल नाय घातलं काय?" मी म्हटलं, "पेट्रोल आहे, आजी. आत्याचा भाऊ शहाणा नाही." शेवटी चार-पाच बायाच येऊन लागल्या, परकरी पोरींसकट. त्यामुळे रेडिओ अखेर वाजत आणि वाजतगाजत असा दोन्ही तऱ्हांनी दारात पोचला.

आत्या उंबऱ्यात ताट घेऊन उभी होती. घरात मागे बांधलेली खोकी दिसत होती. ताट सांभाळत ती खाली आली, पुढचं दार उघडलं आणि त्या रिकाम्या सीटवर जाऊन बसली. तिथूनच तिने बाबांना ओवाळलं. निरांजनाच्या उजेडात बाबांचा घामेजलेला चेहरा, बाहेर आम्ही दोघी धापा टाकतोय आणि रेडिओ सांगतोय की खुराड्यात चुना मारावा.

मग तिची नजर पट्टीवर गेली.

चष्मा कपाळावरून खाली आला. ती ओठ हलवत वाचायला लागली. बाबा समोरच्या भिंतीकडे बघत होते. "ताई," ते म्हणाले, "चिंचेने पुसली गेली गं. होता तसा नाही राहिला. माझी चूक आहे." आईची चूक त्यांनी स्वतःवर घेतली ती पहिली आणि शेवटची वेळ.

आत्याने बटण धरलं. कोणाला न विचारता, हक्काने. काटा सरकवला. कोंबड्या कासूला लागल्या होत्या. पेणला खरखर. नागोठण्याला दुसऱ्याच भाषेतलं कोणी बोलत होतं. निडीला काही नाही. रोह्याला आल्यावर तिने बटण सगळीकडून फिरवून बघितलं.

"आमच्या रोह्याला काय लागत नाय रे," ती म्हणाली आणि हसायला लागली. हसताना निरांजन हिंदकळलं म्हणून बाबांनी ताट धरलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला, मग बाबाही हसले आणि आम्हीही.

हसून झाल्यावर तिने काटा उलटा नेला. निडी, नागोठणे, पेण, पनवेल, पार डावीकडे दिव्यापर्यंत. तिथे तो अडला.

"ह्यात ठाणं कुठाय?" तिने विचारलं.

मला अजून आठवतं, तिथे नुसती खरखर होती.

"मावलं नाही गं," बाबा म्हणाले.

"मंग मी कुठं लागनार?" आत्या म्हणाली. ती हसत नव्हती. "दिव्याला उतरून गाडी बदलायला लागते माझ्याकडं यायला. तू येशील काय? का रेडिओ मिळाला, काम झालं?"

बाबा काही बोलायला गेले आणि त्यांना रडू आलं. बहिणीच्या दारात, आख्ख्या गल्लीसमोर. आत्या म्हणाली, "बघा गो, परत रेडिओसाठी रडतोय." पण तिचाच आवाज धड नव्हता. तिने पदराने त्यांचं तोंड पुसलं, मग त्याच पदराने काच पुसली. "राहू दे ह्यो तुझ्याकडं," ती म्हणाली. "पन ठाणं लिवून घे."

पेणला आल्याबरोबर बाबा आखणीवाल्यांकडे गेले. काचेवर जागा नव्हतीच. त्यांनी डोळे बारीक करून विचार केला आणि ठाणे हा शब्द काचेच्या बाहेर, डावीकडे, गाडीच्या फळीवर लिहिला. सोनेरीत. रोह्यापेक्षा मोठा. काटा तिथपर्यंत जात नाही. दिव्याला येऊन थांबतो आणि ठाणे दोन बोटं पलीकडे राहतं.

आत्या मुलाकडे राहायला गेली. बाबा भाऊबीजेला ठाण्याला जायला लागले, पॅसेंजरने, दिव्याला गाडी बदलून. एकही भाऊबीज चुकवली नाही. मुंबईहून कंडेन्सर आला, तडतड थांबली, आता चालत्या गाडीतही रेडिओ वाजायचा. पण बाबा संध्याकाळी गिरणीतून आले की अंगणात उभ्या गाडीत जाऊन बसायचे, बटण डावीकडे टोकापर्यंत पिळायचे आणि तसेच बसून राहायचे.

"अहो, तिथे नुसती खरखर आहे," आई म्हणायची. "बॅटरी उतरेल."

"असू दे. ताई बोलतेय," बाबा म्हणायचे. "ती अशीच बोलते."

मी विज्ञानाची शिक्षिका. त्या टोकाला एकही स्टेशन लागत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. बॅटरी खरंच उतरली, तेव्हा ती पिशवीत घालून मीच स्टेशनच्या रस्त्यावर काकांकडे नेली आणि चार्ज करून आणली.